विविधतेचा फलक आणि साचेखात्याचे दार

अलीकडे बड्या कंपन्यांच्या दारात एक नवा फलक झळकू लागला आहे. 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन', म्हणजे विविधता आणि सर्वसमावेशकता. या नावाचा स्वतंत्र विभाग असतो, त्यावर अधिकारी असतो, वर्षातून एकदा त्याचा दिवस साजरा होतो आणि केकही कापला जातो. आमच्या बुधवार पेठेतला एक मुलगा सोलापुरातच अभियांत्रिकी शिकला आणि पुण्यात अशाच एका कंपनीत लागला. पहिल्याच आठवड्यात त्याला या विषयावर दोन तासांचे व्याख्यान ऐकवण्यात आले. स्त्रिया झाल्या, दिव्यांग झाले, तृतीयपंथी झाले, परप्रांतीय व परधर्मीय सहकाऱ्यांशी कसे वागावे तेही झाले. दोन तासांत 'जात' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

दुपारी जेवणाच्या टेबलावर मात्र तो शब्द आला, तोही न उच्चारता. "सोलापूरचा का? अरे, मीही सोलापूरचाच! कुठली पेठ?" मुलाने पेठ सांगितली. विचारणारा सोलापूरचाच असल्यामुळे त्याला पुढचे काही विचारावे लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलावर या मुलासाठी जागा शिल्लक राहिनाशी झाली. कोणी अपशब्द वापरला नाही, कोणी शिवी दिली नाही. डबा उघडायच्या वेळी फक्त खुर्च्या भरलेल्या असत. महिनाभराने हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आला तेव्हा त्याने आम्हाला विचारले, "काका, तक्रार करायची म्हटली तर अर्जात कुठल्या रकान्यात लिहू? लिंग आहे, धर्म आहे, अपंगत्व आहे, 'इतर' आहे."

'इतर'! ज्या भेदावर हा देश हजारो वर्षे उभा राहिला, तो भेद आधुनिक कंपनीच्या अर्जात 'इतर' मध्येही धड बसत नाही.

कोणाचा गैरसमज नको. स्त्रियांना, दिव्यांगांना, तृतीयपंथीयांना कामाच्या ठिकाणी मान मिळावा याला आमचा विरोध नाही. हा तर आमच्याच लढ्याचा भाग आहे. आमचा सवाल एवढाच आहे की समावेशाच्या पंगतीत सगळ्यांची पाने मांडली जातात आणि नेमके आमचेच पान वाढायचे कसे राहून जाते? हा विसराळूपणा नाही. सोलापूरकरांना तर हे मुळीच नवीन नाही, कारण एका छपराखाली सगळ्या जाती आणि तरीही प्रत्येकीचे दार वेगळे, हा प्रयोग आमच्या शहराने गिरण्यांच्या काळातच पाहिला आहे.

जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल ही नावे आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी देवांच्या नावांपेक्षा जास्त असत. भोंगा झाला की पद्मशाली, लिंगायत, मराठा, मुसलमान, महार, मांग, कैकाडी असे सगळे एकाच फाटकातून आत जात. त्यात सेटलमेंटचे लोकही असत. गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना सोलापुरात काटेरी तारेच्या आत ठेवले होते. दिवसा गिरणीत राबायचे आणि पाळी संपली की पुन्हा तारेच्या आत जाऊन हजेरी द्यायची. गिरणीला त्यांचे हात चालत होते, शहराला त्यांची सावली चालत नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते 'विमुक्त' झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या गिरण्यांइतकी 'विविधता' कुठल्याही आयटी कंपनीत सापडणार नाही. पण कोणी कुठल्या खात्यात काम करायचे ते कोण ठरवत होते?

विणकाम खाते, कामगारांच्या भाषेत साचेखाते, हे जास्त पगाराचे खाते. त्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. कारण ऐकाल तर हसावे की रडावे कळणार नाही. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. आज या कामगाराने ओढला, उद्याच्या पाळीत दुसऱ्याने. महाराच्या ओठाला लागलेला धोटा आम्ही ओठाला कसा लावायचा, असा स्पृश्य कामगारांचा आक्षेप होता. धागा तोडायला, गाठ मारायला, गासड्या उचलायला, रिंग खात्यात तुटपुंज्या पगारावर उभे राहायला जात आड येत नव्हती. जिथे चार पैसे जास्त मिळत, नेमकी तिथेच ती आड येत होती. वास्तविक एकमेकांचा उष्टा धोटा तोंडात धरल्याने क्षय पसरतो, म्हणून ती पद्धतच घातक होती. पण त्यांना रोगाची भीती नव्हती, विटाळाची होती.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क तुम्ही मान्य करणार नसाल तर आमच्या लोकांना संपापासून परावृत्त करू, असे त्यांनी बजावले. वर्गलढ्याच्या गोष्टी करणाऱ्या पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घातली. मालकांनी काय उत्तर द्यावे? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, त्याला आम्ही जबाबदार नाही! आणि गोम अशी की मालकांचे म्हणणे अर्धे खरेही होते. दार मालकाने बांधले होते, पण ते लावून धरले होते शेजारच्या कामगाराने. मालकाला त्यातून फुकटचा फायदा होता. एकमेकांच्या ओठाला न लागणारे हात एकमेकांच्या हातात तरी कसे येणार?

पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. त्याच अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ते वाक्य आपण सगळेच व्यासपीठावरून सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा जो बारकाईने हिशेब मांडला, तो आपण क्वचितच सांगतो. आमचा माणूस रुळावर गँगमन म्हणून आयुष्यभर खपतो. त्याला पोर्टरदेखील करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि अस्पृश्य घरात कसा येणार? कारखान्यात तो कुलीचा मिस्त्री होत नाही. आमचे सोलापूरही याच जी.आय.पी.चे मोठे स्टेशन. आमच्या किती घरांत गँगमनच्या पिढ्या गेल्या आणि स्टेशनमास्तर किती झाले, ते वाचकांनी आपापल्या घरी मोजावे. भरती झाली की न्याय झाला, असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. कुठल्या खात्यात घेतले, कुठल्या पायरीवर थांबवले आणि का थांबवले, हे ते विचारत. आजच्या विविधतेच्या अधिकाऱ्यांना हेच तीन प्रश्न विचारून पाहा.

आज सोलापूरच्या त्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले आहेत. धोटाही बदलला. पण साचेखात्याचे दार कुठे गेले? ते आता मुलाखतीच्या खोलीला लावले आहे. ख्यातनाम अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ६६ आठवडे वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. जाहिराती ५४८, अर्ज ४८०८. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता ढोबळमानाने दोन तृतीयांश, तर मुसलमान नावाला एक तृतीयांश. हे अर्ज सगळे सुशिक्षितांचे होते, बरे का! 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून कंठशोष करणाऱ्यांनी एकाच गुणवत्तेला आडनावाप्रमाणे वेगळा भाव कसा मिळाला ते सांगावे. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी २५ मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले. आम्ही जात पाहतच नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. पण उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' मात्र हमखास विचारायचे. वडील काय करतात? घरात कोण शिकलेले आहे? म्हणजे पेठ कुठली, हाच प्रश्न, फक्त टाय लावून.

आणि वरच्या मजल्यावर? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातल्या १००० आघाडीच्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली होती. ९३ टक्के संचालक उच्च जातींचे, अनुसूचित जाती व जमाती मिळून ३.५ टक्के. ही आहे भारतीय उद्योगाची विविधता!

यावर कायदा काय म्हणतो? घटनेचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. कलम १७ ने अस्पृश्यता सर्वत्र नष्ट केली, पण रिकाम्या नसलेल्या खुर्चीला ते कसे लावायचे? २०१९ ची वेतन संहिता पगार व भरतीत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करते, जातीचा त्यात उल्लेख नाही. सेबीच्या नियमांप्रमाणे बड्या नोंदणीकृत कंपन्यांना दरवर्षी स्त्रिया किती, दिव्यांग किती हे जाहीर करावे लागते. जात कोणी विचारत नाही. जे मोजलेच जात नाही त्याची उणीव कुठून दिसणार? ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नोकरी-व्यवसायात अडथळा आणणे आणि सामाजिक बहिष्कार हे गुन्हे ठरवले आहेत. हे हत्यार आपल्या हातात आहे, पण पुण्याच्या काचेच्या इमारतीत एकट्या पडलेल्या पोराला ते माहीत तरी आहे का?

गंमत पाहा, जातीचा उच्चार करायला भारतातले भांडवलदार तयार नव्हते, तेव्हा तो अमेरिकेत झाला. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा भाग २०२३ मध्ये मागे घेतला गेला, पण प्रश्न जगापुढे आला तो आला. ॲपलने आपल्या कर्मचारी नियमांत 'जात' हा शब्द घातला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घालणारा ठराव केला, तो मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. कॅलिफोर्नियाचे विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरने रोखले. आणि २०२५ पासून तर तिकडे वाराच फिरला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी पातळीवर विविधतेचे कार्यक्रम गुंडाळले, पाठोपाठ कित्येक कंपन्यांनीही फलक उतरवले. तिकडून फॅशन म्हणून आलेली वस्तू तिकडची फॅशन गेली की इथूनही जाणार, हे उघड आहे. म्हणून आम्ही सांगतो, आपला हक्क या फलकाला टांगून ठेवू नका. तो फलक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, १९४३ साली, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींसाठी सरकारी नोकरीत ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या होत्या. ती मेहेरबानी नव्हती, वाटा होता.

तो वाटाच आज मागच्या दाराने काढून घेतला जात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, तरुणांच्या रोषामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ४५ पदांच्या थेट भरतीची जाहिरात काढली, तीही तीन दिवसांत मागे घेतली. कायमची नोकरी कमी झाली की आरक्षण आपोआप कमी होते, त्यासाठी घटनेला हात लावावा लागत नाही. सफाईच्या कामाला मात्र कंत्राटदारही आमचीच माणसे शोधत येतो. तिथे आमचा समावेश शंभर टक्के!

आता थोडे आपल्याविषयी. कडू लागेल, पण आपल्या पानावर आपण नाही बोलायचे तर कोणी? आपल्या पतसंस्था, आपल्या शाळा, आपल्या संघटनांची कार्यालये यांत मातंग, ढोर, चर्मकार किती आहेत? सेटलमेंटमधले कैकाडी, पारधी किती? कार्यकारिणीत स्त्रिया फोटोपुरत्या की निर्णयापुरत्या? जयंतीच्या वर्गणीला सगळे आणि पदाला एकच घर, असे असेल तर स्टेशनमास्तरच्या घरात आणि आपल्यात फरक किती उरला? आम्ही ज्या संस्थेत बसतो तिथेही हा प्रश्न विचारला, तेव्हा दोन मिनिटे कोणी बोलले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही त्याला 'इतर' च्या रकान्यात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहायला सांगितले, तारीख-वार, कोण कोण बसले होते ते सगळे. आडनाव बदलण्याचा विचार त्याच्या मनात होता, तो त्याने सोडला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. कंपनीने कळवले आहे की अशा तक्रारीसाठी सध्या धोरण उपलब्ध नाही, परंतु विषय विचाराधीन आहे. दरम्यान त्याच इमारतीतल्या दुसऱ्या कंपनीतली लातूरची एक मुलगी आणि नांदेडचा एक मुलगा त्याला शोधत आले. आता तिघे एका टेबलावर जेवतात. येत्या रविवारी ते सोलापूरला येणार आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींची यादी करायला त्यांनी सुरुवात केली आहे. ज्यांच्या घरचे कोणी तिकडे असेल त्यांनी रविवारी सकाळी अकराला बुधवार पेठेच्या विहारात नाव आणून द्यावे.