म्हैस उडाली का?

पहिलीच्या वर्गात इंग्रजीचा तास म्हणजे हल्ली हमखास अभिनयगीत. नाक, कान, खांदे, गुडघे यांना हात लावत सगळा वर्ग एका सुरात गातो. बाई व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकतात. मग गाणं बाजूला ठेवून एखाद्या पोराला नुसतं म्हणून बघा, 'टच युअर नीज'. ते बावरतं. मनातल्या मनात गाणं सुरुवातीपासून म्हणत त्याला गुडघ्यापर्यंत यावं लागतं. व्यायाम झाला, पण इंग्रजी पाठांतरातच राहिलं.

शरीराच्या हालचालीतून भाषा शिकवण्याची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960च्या दशकात तिची पद्धत बसवली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती 'टीपीआर' म्हणून येते, म्हणजे टोटल फिजिकल रिस्पॉन्स. अ‍ॅशर यांचा मुद्दा साधा होता. बाळ बोलू लागण्याच्या कितीतरी आधी 'बाबा कुठे?' म्हटलं की मान वळवतं, 'दे' म्हटलं की हातातलं पुढे करतं. मग दुसरी भाषा शिकताना पहिल्याच दिवशी तोंड उघडायची सक्ती कशाला? शिक्षकानं सूचना द्यायची, आधी स्वतः करून दाखवायची, आणि शिकणाऱ्यानं अंगानं उत्तर द्यायचं. बोलायची घाई नाही. (ही पद्धत आपण बालवर्गाच्या खात्यात टाकली आहे, पण अ‍ॅशर यांच्या रशियन भाषेच्या प्रयोगात कॉलेजचे विद्यार्थी लहान मुलांना मागे टाकून गेले होते!)

यातली अवघड पायरी म्हणजे शिक्षकानं आपले हात आवरणं. बाई शेवटपर्यंत करून दाखवत राहिल्या, तर मुलं बघून करतात, ऐकून नाही. दोनचारदा दाखवल्यावर हात मागे बांधायचे, क्रम मोडायचा आणि अनपेक्षित काहीतरी सांगायचं: दप्तर डोक्यावर ठेव, दाराशी जा आणि खुर्चीला टाटा कर. हसू फुटलं की ओळखावं, वाक्य पोचलं.

आपल्याकडे हा खेळ अंगणात पूर्वापार आहे. जमिनीवर बोट टेकवून बसायचं. चिमणी उडाली की बोट वर, कावळा उडाला की वर, आणि म्हैस उडाली की जो फसला तो फसला. तिथे ठेका हात उचलायला लावतो आणि अर्थ रोखून धरतो. अभिनयगीतात नेमकी ही म्हैसच नसते. 'शिवाजी म्हणतो'ही चालेल, फक्त चुकलेल्याला बाद करू नये. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच भिंतीला टेकून बसतो.

महाराष्ट्रात मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. घरी इंग्रजीचं वाक्य कानावर न पडणाऱ्या मुलाला आधी भरपूर ऐकायला मिळायला हवं, आणि ऐकलेलं कळलं हे बोलल्याशिवाय दाखवायची सोयही. अर्थात 'कदाचित' किंवा 'आठवण' हे शब्द उड्या मारून शिकवता येत नाहीत. त्यासाठी गोष्टी आणि चित्रं लागतात. तासभर नुसते हुकूम सोडले तर वर्गाची कवायत होते. रोज दहा मिनिटं पुरेत. पुढे एखादं मूल आपणहून सूचना देऊ लागलं, तर बाईंनीही मुकाट्यानं उडी मारावी.

पाहुण्यांसमोर 'इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणून दाखव' असा आग्रह धरणाऱ्या आईबाबांनी त्याऐवजी पाण्याचा ग्लास इंग्रजीत मागून पाहावा, बोट न दाखवता.