रामश्टाईन, अनार आणि आपलं गॅदरिंग

मागच्या गॅदरिंगनंतर नोटीस बोर्डावर एक कागद लागला. यापुढे स्टेजवर 'मेटल प्रकारचे संगीत' सादर करता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. कागद अजून तिथंच आहे. कुणीतरी त्यावर पेनानं शिंगं काढलीत, ती मात्र आमच्यापैकी कुणी काढलेली नाहीत. हा लेख त्या कागदाबद्दल आहे आणि थोडा माझ्याबद्दलही. कारण तो अनार मी लावला होता.

फर्स्ट इयरच्या मंडळींसाठी थोडक्यात हकिगत. आम्ही रामश्टाईनचं 'डू हास्ट' वाजवत होतो. कोरस सुरू होताना दोन्ही बाजूंना दोन अनार, बरोब्बर तालावर, अशी आमची 'आयडिया'. डावीकडचा फुसका निघाला. उजवीकडचा नको तेवढा उडाला, विंगेच्या पडद्यानं पेट घेतला आणि तो ओढून पाडताना आमच्या बेस वाजवणाऱ्याचा हात भाजला. मेसचे मामा बादलीभर पाणी घेऊन धावले, तेही चालू अँप्लिफायरच्या दिशेनं! इलेक्ट्रिकलच्या पोरांनी मेन स्विच आधी पाडला म्हणून बरं. नाहीतर हा लेख वेगळ्याच सदरात छापावा लागला असता.

चूक आमची, पूर्णपणे. पण कागदावर नाव आलं संगीताचं. रेक्टर सर मला म्हणाले, "अरे, तुमचं ते म्युझिकच तसलं. आग लावणारं, सैतानाचं." सर, हे काही खरं नाही. आणि ज्यांची गाणी वाजवताना आम्ही हा पराक्रम केला, त्यांच्याकडूनच आम्ही काहीच शिकलो नव्हतो, ही त्यातली खरी गंमत आहे.

रामश्टाईन हा बर्लिनचा बँड, १९९४ सालचा. गायक टिल लिंडेमान, गिटारवर रिचर्ड क्रुस्पे आणि पाउल लांडर्स, बेसवर ओलिवर रीडेल, ड्रम्सवर श्नायडर आणि कीबोर्डवर तो काडीपैलवान फ्लाके. सहाही जण पूर्व जर्मनीतले. तीस वर्षांत यातला एकही माणूस बदलला नाही. (आमच्या बँडनं दोन सेमिस्टरमध्ये तीन ड्रमर बदलले.) पूर्व जर्मनीत जाहीर कार्यक्रम करायचा तर सरकारी समितीपुढे वाजवून परवाना घ्यावा लागे. आपल्या गॅदरिंग कमिटीची ऑडिशन आठवली ना? फ्लाके आणि लांडर्स त्या काळापासून 'फीलिंग बी' नावाच्या पंक बँडमध्ये होते. लिंडेमान तरुणपणी स्पर्धेत उतरणारा जलतरणपटू होता, पुढे त्यानं टोपल्या विणायचंही काम केलं. असली माणसं भिंत पडल्यावर एकत्र आली आणि अमेरिकेची नक्कल न करता आपल्याच भाषेत गायची ठरली.

संगीत म्हणाल तर कारखाना. गिटार प्रेस मशीनसारखी एका ठोक्यावर बसते, ड्रम्स सरळसोट, कवायतीसारखे. त्यावर फ्लाकेच्या कीबोर्डचे थंड, चर्चमधल्यासारखे सूर. आणि सगळ्यांच्या वर लिंडेमानचा खर्जातला आवाज, एकेक 'र' घोळवून म्हणणारा. आमच्या विंगेत पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शब्द एकही कळला नाही, पण मान हलायला लागली. वर्कशॉपमध्ये पॉवर हॅमरशेजारी उभं राहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

बँडचं नाव कुठून आलं ते ऐका. २८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतल्या रामश्टाईन हवाई तळावर कसरती चालू असताना इटालियन हवाई दलाची विमानं एकमेकांवर आदळली आणि त्यातलं एक जळत प्रेक्षकांत घुसलं. ७० माणसं गेली. बँडनं ते नाव घेतलं, स्पेलिंगमध्ये एक 'एम' वाढवला. म्हणजे करमणूक बघायला आलेले लोक आगीत जळाले, ती आठवण या बँडच्या नावातच आहे. पुढे ह्याच लोकांनी स्टेजवर आग आणली. उद्धटपणा वाटतो? मलाही कधीकधी वाटतो.

पण आणली कशी ते बघा. सुरुवातीला त्यांचाही कारभार आमच्यासारखाच होता. सप्टेंबर १९९६ मध्ये बर्लिनच्या ट्रेप्टोमधल्या कार्यक्रमात सेटचे जळते भाग खाली कोसळले. त्यानंतर आगीचं काम व्यावसायिक लोकांकडे गेलं आणि लिंडेमाननं स्वतः दारूकामाचं रीतसर प्रशिक्षण घेऊन परवाना काढला. म्हणजे गायकाकडे लायसन्स! 'एंगेल' गाण्यात पाठीवरच्या लोखंडी पंखांच्या टोकांतून ज्वाळा निघतात, त्या परवान्यानंतरच्या आहेत. 'माइन टाइल'मध्ये तो आचाऱ्याच्या वेशात येतो आणि भल्यामोठ्या पातेल्यात बसलेल्या फ्लाकेला फ्लेमथ्रोअरनं 'शिजवतो'. बघताना पोटात गोळा येतो आणि हसूही येतं. त्या वेळी आग कुठून किती निघणार, कोण कुठं उभं राहणार, हे सगळं आधी ठरलेलं असतं. जे सगळ्यात बेभान दिसतं तेच स्टेजवर सगळ्यात मोजून-मापून केलेलं असतं.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. जुन्या पौराणिक नाटकांत राक्षसाची एन्ट्री झाली की पेटत्या मशालीवर राळेची पूड उडवायचे, भप्पकन भडका व्हायचा, पोरं आईच्या पदरात घुसायची. राळेचा खडा हळूहळू जळतो, तिचीच पूड हवेत उधळली की क्षणात पेटते. पृष्ठफळ वाढलं की ज्वलनाचा वेग वाढतो, फर्स्ट इयरचंच आहे हे. पाश्चात्त्य रंगभूमीवर हेच काम लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंच्या पुडीनं करत आले. त्या राक्षसाला घाबरून कुणी पौराणिक नाटकं बंद करा म्हटलं नाही.

आणि मोजमाप नसेल तर? २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत वेस्ट वॉर्विकच्या 'द स्टेशन' नाइटक्लबमध्ये 'ग्रेट व्हाइट' बँडच्या कार्यक्रमात कारंज्यासारखे फटाके उडवले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना पॉलियुरेथेन फोम लावलेला होता, त्यानं पेट घेतला. १०० माणसं मेली. आपल्या शेजारी गोव्यात, हडफड्याला, डिसेंबर २०२५ मध्ये नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले. तिथंही आत उडवलेल्या फटाक्यांचं कारण प्राथमिक तपासात पुढे आलं. यातला एकही कार्यक्रम रामश्टाईनचा नव्हता. मी आमच्या हॉलच्या भिंती नंतर जाऊन बघितल्या. थर्माकोलची सजावट तशीच होती, अनारापासून चार फुटांवर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता 'सैतान' या मुद्द्याकडे येतो. रामश्टाईनवर त्याहून गंभीर आरोप झालाय तो नाझीपणाचा. १९९८ साली त्यांनी 'डिपेश मोड'चं 'स्ट्रिप्ड' गाणं केलं आणि व्हिडिओत लेनी रीफेनश्टालच्या १९३६च्या ऑलिंपिकवरील चित्रपटातली दृश्यं घातली. रीफेनश्टाल म्हणजे हिटलरच्या प्रचारपटांची दिग्दर्शिका. जर्मनीत गदारोळ झाला, आणि माझ्या मते रास्त झाला. दृश्यं सुंदर आहेत एवढं म्हणून भागत नाही. त्यावर २००१ मध्ये त्यांनी 'लिंक्स २ ३ ४' हे गाणं केलं. 'लिंक्स' म्हणजे डावं. ऐकायला परेडची आरोळी, पण सांगणं असं की आमचं हृदय डावीकडेच आहे. असली कोटी त्यांची नेहमीची. 'डू हास्ट'मध्येही 'तुझ्याकडे आहे' आणि 'तू द्वेष करतोस' या दोन अर्थांचे शब्द जर्मनमध्ये कानाला सारखेच लागतात, आणि गाणं चाललंय लग्नाच्या शपथेबद्दल. आम्ही ते गॅदरिंगला मुठी आवळून म्हणत होतो, जणू काही युद्धगीत! अर्थ मला पडदा जळल्यानंतर कळला.

मात्र चाहता म्हणून मी सगळंच 'ते नाटक आहे हो' म्हणून झाकणार नाही. २०२३ मध्ये कार्यक्रमांच्या आगेमागे तरुण चाहत्या मुलींना कसं निवडून लिंडेमानकडे नेलं जाई, याबद्दल अनेक जणींनी जाहीर आरोप केले. त्यानं ते नाकारले. बर्लिनच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये ती बंद केली. कायद्यानं प्रकरण तिथं थांबलं. पण स्टेजवरच्या पातेल्याला नाटक म्हणता येतं, स्टेजमागच्या खोलीला नाही. तेव्हापासून मी त्यांची गाणी ऐकतो, पण त्याचं पोस्टर काढून ठेवलंय. रूममेट म्हणतो हा दुटप्पीपणा आहे. असेलही.

तर सर, माझं म्हणणं एवढंच. नोटीस बदला. 'मेटल' खोडून 'स्टेजवर कोणत्याही प्रकारची ज्वाला, फटाके, दारूकाम' असं लिहा. मग ते लावणीला असो, भांगड्याला असो की आम्हाला. त्या कागदावर पहिली सही मी करतो. भाजलेला हात ज्याचा, तोही करतो म्हणालाय, डाव्या हातानं.

आम्ही पुन्हा सराव करतोय, वर्कशॉपमागच्या शेडमध्ये, शनिवारी संध्याकाळी सहाला. आग नाही, दोन लाल दिवे आहेत आणि भंगारातून आणलेला एक पत्रा आहे, तो ड्रमर हातोडीनं वाजवतो. सर, एकदा येऊन ऐका. दाराशी वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवल्यात, मामांना दाखवून.