नवा रकाना जरूर हवा, पण जुनी नोंद पुसू नये



कार्यालयातील संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती ज्या प्रोग्रॅममध्ये राहते, त्याची रचना या सत्रात बदलायची आहे. २०२२-२३ पासून यूडायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती भरावी लागते. पुढे बारा अंकी अपार क्रमांकही आला. आमच्या जुन्या तक्त्यात या गोष्टींसाठी रकानेच नाहीत. तेव्हा जुना तक्ता काढून टाकावा आणि फक्त चालू विद्यार्थ्यांची माहिती नव्याने भरावी, अशी एक सूचना आली आहे. काम लवकर होईल हे खरे, पण या सूचनेला आमचा विरोध आहे.

हा प्रोग्रॅम एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस वापरतो. डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली तयार केला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. आपल्या मोबाइलमधील अनेक अ‍ॅप्सही हाच वापरतात. प्रोग्रॅम नवा आणि फाइल जुनी असली, की प्रोग्रॅम नवा रकाना शोधतो, तो सापडत नाही आणि काम अडते. मग काही जण तक्ता पुसून नवा मांडतात. बातम्यांच्या अ‍ॅपमध्ये ते चालेल, कारण बातम्या सर्व्हरवरून पुन्हा येतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी कुठून येणार?

स्कॉलर रजिस्टरमध्ये नवा रकाना हवा म्हणून कोणी जुनी पाने फाडत नाही. संगणकालाही तोच नियम लावावा. वीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी दारात उभा राहिला, तर “सॉफ्टवेअर बदलले” हे उत्तर त्याच्या काय कामाचे?

म्हणून आमचे म्हणणे असे. पहिले, प्रोग्रॅम बंद करून फाइलची प्रत काढावी आणि ती उघडते की नाही हे पाहावे. दुसरे, एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये रचनेचा क्रमांक लिहिण्याची सोय असते, ती वापरावी. फाइल तिसऱ्या रचनेची असेल आणि पाचवी हवी असेल, तर आधी चौथी, मग पाचवी, असे क्रमाने जावे. तिसरे, प्रत्येक पायरी एका ट्रान्झॅक्शनमध्ये करावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी फाइल अर्धवट राहत नाही. एक तर बदल पूर्ण होतो, नाहीतर पहिली स्थिती कायम राहते. चौथे, आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची संख्या जुळवून पाहावी.

दोन गोष्टींत विशेष सावधगिरी हवी. जुन्या विद्यार्थ्यांना अपार क्रमांक नाही, म्हणून तेथे शून्य भरू नये. रकाना रिकामाच ठेवावा. “माहिती नाही” आणि “शून्य” यांत फरक आहे. दुसरी गोष्ट नावाची. पूर्ण नावाच्या एका रकान्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने करायचे आहेत. मराठी घरांतील नावे बहुधा या क्रमात बसतील. पण आपल्याकडे हिंदीभाषक मुलेही शिकतात, आणि रामप्रसाद शर्मा किंवा अनिल कुमार वर्मा या नावांत वडिलांचे नाव कोठे आहे? मोकळी जागा पाहून मशीनने तुकडे केले, तर “कुमार” हेच वडील ठरतील आणि पुढे अंकसूचीतही तेच छापले जाईल. म्हणून प्रत्येक नाव तपासून होईपर्यंत जुना रकाना तसाच राहू द्यावा.

या पद्धतीने वेळ आणि थोडा खर्च जास्त लागेल. विश्वस्तांनी तो मंजूर करावा, ही विनंती. पालकांनी कार्यालयातून मिळणारी छापील नोंद वाचून, चूक असल्यास दुरुस्त करून, सही करून परत पाठवावी. आणि अकरावी-बारावीत संगणक विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांनी हे काम जवळून पाहावे. नवा तक्ता बांधणे पुस्तकातून शिकता येते. दुसऱ्याची जुनी माहिती सांभाळून तो बदलणे मात्र अशा कामातूनच कळते.