दुसऱ्या आईचे घर

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीतील पुण्याचे कुटुंब एका तरुणाला भाडेकरू म्हणून ठेवून घेते. तिच्यातील प्रेमाची चर्चा आपण करतो. खोली मिळाली कशी, याची करीत नाही. तो एकटा होता, म्हणून मिळाली. समजा, नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्याहून पुण्यात बिऱ्हाड हलवायचे आहे आणि बिऱ्हाडात दोन स्त्रिया व त्यांचे मूल आहे. वस्ती कोणती निवडावी?

‘मोकळ्या विचारांची’ हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. ‘बहिणी असतील’ म्हणून जागा देणारा मालकही स्वतःला मोकळाच समजतो. गावात ‘ही कुणाची कोण?’ हा प्रश्न टळत नाही. शहरात तो कुणी विचारत नाही आणि त्यालाच आपण औदार्य म्हणतो (वाङ्मयातही बहुधा हेच चालते).

खरा पेच कागदाचा आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार जोडीने दत्तक घेणे विवाहितांनाच शक्य आहे. तो नियम रद्द करण्यास १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी नकार दिला. म्हणजे दत्तकपत्रावर आई एकच. २०२४ मध्ये केंद्राने अशा जोडीदारांना शिधापत्रिकेपुरते एक कुटुंब मानावे असे राज्यांना कळवले. पण शाळेच्या फाटकावर शिधापत्रिका चालत नाही. तिथे दुसरीच्या हाती मूल द्यायचे की नाही, ते मुख्याध्यापिका आणि रिक्षावाले काका ठरवतात. तेव्हा आधी शाळेत जावे, मूल न्यायला येणाऱ्यांत दोघींची नावे लिहून घेतात का ते विचारावे, आणि भाड्याचे मग पाहावे.