चिंचेआडची फेक

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ पडवीत थांबले. पावसाचे बोलणे झाले, संत्र्याच्या आंबिया बहाराचे झाले, आणि मग ज्याकरिता ते थांबले होते तो प्रश्न त्यांनी काढला. "फादर, सांजच्याले तुमी पोरायसंगं झाडीत थाळ्या फेकता म्हंतेत. खरं हाय काय जी?" आम्ही होय म्हणालो. "मोजून खेळता?" आम्ही पुन्हा होय म्हणालो. "बरं," एवढेच बोलून त्यांनी काठी उचलली आणि ते घराकडे चालू लागले.

त्या 'बरं' शब्दाने आमची दोन दिवसांची झोप घेतली. धर्मगुरूने सायंकाळी मुलांबरोबर झाडीत धावावे हे त्यांना रुचले नसावे असे आम्ही धरून चाललो, आणि या स्तंभातून त्याचे उत्तर द्यावे असा बेत केला. उत्तर द्यावयाचे तर प्रथम तो खेळ काय आहे हे सांगितले पाहिजे.

आमच्या एका कुटुंबातील मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. सुटीवर सौंसरला आला तेव्हा त्याने पोरांसाठी प्लास्टिकच्या चार चकत्या आणल्या. समुद्रकिनाऱ्यावर लोक एकमेकांकडे फेकतात ती फ्रिस्बी आपल्यापैकी कित्येकांनी चित्रात पाहिली असेल. ही चकती तिच्याहून लहान, सुमारे 21 सेंटीमीटर व्यासाची, परंतु हाताला जड आणि कडेला धारेसारखी निमुळती. या चकत्यांनी जो खेळ खेळतात त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालावयाचा असतो. येथे चकती हाताने फेकून टोपलीत टाकावयाची असते. पहिली फेक ठरलेल्या जागेवरून करावी, चकती जेथे पडेल तेथून दुसरी, आणि अशा रीतीने टोपलीपर्यंत जावे. ज्याच्या फेका सर्वांत कमी, तो जिंकला. चकती झाडात अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जागेवरून पुढची फेक घ्यावी. हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड. आमच्या शेजारचा संत्र्याचा बगीचा आम्ही हद्दीबाहेर ठरविला आहे. बगीच्याच्या मालकांशी आमचे संबंध चांगले राहावेत हा त्यातील हेतू उघड आहे.

हा काही फार जुना खेळ नव्हे. कॅनडाच्या सॅस्काचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचे लहानसे गाव आहे. तेथील शाळकरी मुले 1926 साली पत्र्याच्या डब्यांची झाकणे फेकून असाच एक खेळ खेळत असत. हे वाचल्यावर आम्हांस फार बरे वाटले, कारण वनस्पती तुपाच्या डब्याची झाकणे आम्हीही लहानपणी भिंतीवरून पलीकडे उडविली आहेत आणि त्याबद्दल मारही खाल्ला आहे. पुढे अमेरिकेत एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने या खेळाला नियमित रूप दिले. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह या उद्यानात 1975 साली त्याने पहिले कायमचे क्रीडांगण आखले. आरंभी तेथे नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून वाद होऊ लागले, म्हणून त्याने वरून साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली शोधून काढली. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. हेड्रिक 2002 साली वारला, आणि त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या करण्यात आल्या. कॅथोलिक माणसाने मात्र तसे करू नये. मृताची रक्षा पवित्र स्थळी जतन करावी, तिच्या आठवणवस्तू बनवू नयेत, असे ख्रिस्तसभेने 2016 साली स्पष्ट सांगितले आहे. खेळावर प्रेम करावे, पण ते शवपेटीपर्यंत नेऊ नये.

आमच्या घरामागील झाडी लहान आहे. कडुनिंब, दोन चिंचा, एक म्हातारा आंबा, मधेमधे बाभळी आणि कुंपणालगत सीताफळे. अमेरिकेतील क्रीडांगणांत बहुधा 18 टोपल्या असतात. आमच्या जागेत 9 मावल्या, त्याही अंग चोरून. कोठेही 60 पावलांहून लांब फेक नाही. लोखंडी टोपल्या आणावयास पैसा नव्हता. मुलांनी सायकलच्या मोडक्या चाकांच्या धावा खांबांवर आडव्या बसविल्या, त्यांना जुन्या सायकलींच्या साखळ्या लोंबत्या बांधल्या आणि खाली संत्री भरावयाच्या टोपल्या अडकविल्या. साखळ्यांना तेलाचा चिकटा होता. पहिल्या आठवड्यात चकत्या काळ्या, हात काळे आणि आमचा झगाही काळा. आता तो चिकटा निघून गेला आहे.

प्रथम आम्हांस वाटले की एवढ्याशा जागेत खेळ तो काय होणार! परंतु मोकळ्या मैदानावर जो चूक करतो त्याची चकती फार तर दहा पावले बाजूला जाते; झाडीत तीच चकती खोडावर आपटून मागे येते. उजव्या हाताने शरीरासमोरून फेकलेली चकती सरळ जाते असे वाटत असतानाच शेवटी वेग कमी होऊन डावीकडे वळते. म्हणून तिसऱ्या टोपलीसाठी कडुनिंबाच्या उजव्या अंगाने फेकावे लागते, म्हणजे ती वळून खांबापाशी येते. हे समजावयास आम्हांस तीन संध्याकाळ लागल्या. एका अकरा वर्षांच्या मुलीला एकच लागली.

आमच्यात एक तरुण आहे. त्याचा हात सर्वांत जोरकस. त्याच्या कपाळावर एक वण आहे, तो कोठला हे इकडच्या वाचकांस सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर जी गोटमार होते, नदीच्या मध्ये रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी दगडफेक चालते, तिच्यात दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि कित्येकांनी प्राणही गमावले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्न प्रशासनाने करून पाहिला; तो टिकला नाही. त्या परंपरेवर येथे लिहिण्याचे आमच्या मनात नाही. सांगावयाचे एवढेच की या तरुणाने पहिल्या दिवशी सारा जोर लावून चकती फेकली आणि ती चिंचेवर, मग बाभळीवर, मग पुन्हा चिंचेवर आपटली. नऊ टोपल्यांत त्याने 51 फेका केल्या. त्या मुलीने 34 केल्या, कारण तिला लांब फेकताच येत नव्हते. ती जवळची मोकळी वाट पाही आणि तेवढ्यापुरतेच फेकी. बाभळी तोडू या, असे त्याने आम्हांस सुचविले. आम्ही नको म्हटले. आता तो 30 च्या आसपास येतो. त्याचा हात हलका झालेला पाहून त्याच्या आईला आमच्याहून अधिक नवल वाटते.

असो. धर्मगुरूने खेळावे का, या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा आधार शोधून ठेवला होता. आपल्या 'सुम्मा' ग्रंथात ते संत योहानाची एक जुनी कथा देतात. शिष्यांबरोबर खेळत असलेल्या योहानाला पाहून काहींना ते खटकले. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सोडावयास सांगितले, आणि असेच सतत करता येईल काय असे विचारले. तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनुष्याच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला सांगितले. संत थॉमस याच्याही पुढे जातात: जो स्वतः कधी हसतखेळत नाही आणि दुसऱ्याच्या निर्दोष आनंदालाही अडथळा करतो, त्याच्याकडे दोष जातो असे त्यांचे मत आहे. मुलांना खेळांतून आणि कसरतींतून प्रभूकडे नेणारे संत डॉन बॉस्को तर सर्वांना ठाऊक आहेतच.

इतकी सिद्धता करून आम्ही बुधवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात गेलो. पाठ आठव्या आज्ञेचा होता. शेवटी कोणाला काही विचारावयाचे आहे काय, असे म्हणताच मागच्या बाकावरील नऊ वर्षांचा मुलगा उभा राहिला. हा त्या वृद्ध गृहस्थांचा नातू. "फादर, चिंचेले लागून मांगं पडली तं ते फेक मोजाची नसते नं जी?"

मोजावयाची असते, असे आम्ही सांगितले. "पन तुमी नाही मोजली," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुरापत मुळीच नव्हती. त्याला नियमच समजून घ्यावयाचा होता.

वाचकहो, पाचवी टोपली मोठ्या चिंचेच्या आड आहे. दहा दिवसांपूर्वी आम्ही तेथे मागे राहिलो होतो. मंडळी पुढे गेली होती. आमची पहिली फेक खोडावर आदळून मुळांशी येऊन पडली. ती उचलून आम्ही पुन्हा फेकली, आणखी दोन फेकांत टोपली गाठली आणि वही धरणाऱ्या मुलीला "तीन" म्हणून सांगितले. चार होत्या. या खेळात पंच नसतो. ज्याने त्याने आपली संख्या सांगावयाची असते आणि वहीत तीच लिहिली जाते. त्या संध्याकाळी आम्ही एका फेकेने पहिले आलो. रात्री आत्मपरीक्षण करताना ती फेक समोर आली, आणि खेळातली गोष्ट म्हणून आम्ही तिला बाजूस सारले.

हा मुलगा चकत्या शोधावयास गवतात होता. त्याने पाहिले आणि झाडाला लागलेली फेक मोजत नाहीत असा नियम मनाशी ठरविला. त्या नियमाने तो आठ दिवस खेळला. बाकीच्या पोरांनी त्याला लबाड ठरविले, दोघांनी त्याच्याशी बोलणे सोडले. फादरही मोजत नाहीत, असे त्याने एकालाही सांगितले नाही. घरी आजोबांना तेवढे सांगितले होते.

आम्ही वर्गासमोर सांगितले की त्या दिवशी आमच्या फेका चार होत्या, आम्ही तीन सांगितल्या आणि हे खोटे होते. या मुलाने काही लबाडी केलेली नाही, तो आमचे पाहून शिकला. वर्ग अगदी गप्प झाला. मग ती अकरा वर्षांची मुलगी उठली, तिने पिशवीतून वही काढली, तीनवर रेघ मारली, शेजारी चार लिहिले आणि खालची बेरीजही बदलली. पहिल्या क्रमांकावर आता दोन नावे झाली: एक आमचे, दुसरे त्या मुलीचे.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या वृद्धांच्या घरी गेलो. ओसरीवर नातू अभ्यासाला बसला होता. आम्ही काही बोलण्याआधीच म्हातारबुवा म्हणाले, "खेळाच्याबद्दल नव्हतो इचारत जी मी." आम्ही म्हणालो, ते आता कळले. त्यांनी सुनेला चहा ठेवावयास सांगितले. संत थॉमस अक्वायनस यांचा विषय निघाला नाही.

पावसाने झाडीत गवत गुडघ्यापर्यंत वाढले आहे. चकती शोधताना गवतात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवून पाहावे. परवा सातव्या टोपलीपाशी साप निघाला होता. दोन टोपल्यांचे बूड गेले आहे. ज्यांच्या घरी संत्र्यांच्या जुन्या टोपल्या किंवा सायकलच्या साखळ्या पडून असतील त्यांनी रविवारी मिस्सेला येताना आणाव्यात.