बोलण्याचा अधिकार कोणाला?

आपला आदिलाबाद जिल्हा एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या जुलमानंतर सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज आली व संस्थान भारतात सामील झाले. त्या वेळी आणि त्यानंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांचे मंडळ पाहणीस धाडले. शेजारचे नांदेड, तसेच तेव्हाचे उस्मानाबाद, बिदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक पोळले होते. मंडळाच्या अंदाजे संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेली. काही ठिकाणी सैनिकांनीच चिथावणी दिली होती. सरकारने हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही.

ज्यांनी फौज पाठविली, त्यांनी कोणत्या तोंडाने बोलावे, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. क्रूसावरील पश्चात्तापी चोराचे हात स्वच्छ नव्हते. तरी त्याने आपला अपराध कबूल केला आणि निरपराध्याची बाजू घेतली. पुढाऱ्यांनीही हाच क्रम धरावा. रझाकारांचा जुलूम सांगणे सोपे. आपल्या फौजेचा सांगणे कठीण. परंतु मौनाने पुढाऱ्याचा डाग धुतला जात नाही, आणि विधवेचा न्याय मात्र बुडतो.