शिट्टीनंतरची दोन पावले

खिलाडूवृत्ती हा शब्द बक्षीस-समारंभातील भाषणांत इतका झिजला आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. त्या दृष्टीने मुलींच्या लॅक्रॉस या खेळाचे उदाहरण उद्बोधक ठरावे. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी जमातींचा. १८९० साली स्कॉटलंडमधील सेंट लेनर्ड्स या शाळेत तो मुली खेळू लागल्या. १९२६ साली बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रोझाबेल सिंक्लेअर यांनी तो रुजवला.

मुलांच्या लॅक्रॉसमध्ये डोक्यावर शिरस्त्राण असते आणि अंगाला भिडण्याची मुभा असते. मुलींच्या खेळात अशी धडक निषिद्ध आहे. त्यांच्या मैदानाला कित्येक वर्षे आखीव सीमारेषादेखील नव्हत्या. पंचाची शिट्टी वाजताच प्रत्येकीने जेथल्या तेथे थबकावे, हा या खेळाचा जुना नियम. चोवीस खेळाडूंवर दोन-तीन पंचांची नजर पुरणे शक्य नसल्याने हा नियम मुख्यतः खेळणाऱ्यांच्या सचोटीवरच उभा होता. शिट्टीनंतर दोन पावले सरकून मोक्याची जागा पटकावणारीला त्यामुळे लाभ होई आणि प्रामाणिकपणे थांबणारीला तोटा. २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांनी ही अट काढून टाकली. खेळाला गती यावी हा त्यामागील हेतू होता, आणि त्यात गैर काही नाही. जो नियम सर्वांच्या संमतीने बदलता येतो, तो बदलावा; चोरून वाकवू नये.

परंतु सर्वच नियम या जातीचे नसतात. गोलवर नेम धरलेल्या खेळाडूच्या आणि गोलच्या मधल्या मार्गात, तिच्याजवळ न जाता, बचाव करणारीने उभे राहू नये असा एक नियम आहे. उघड्या डोक्यावर चेंडू बसू नये, एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी त्याची पळवाट झाली. संकटात सापडलेली बचावपटू मुद्दाम मार्गात उभी राहते, कारण शिट्टी वाजली की निश्चित वाटणारा गोल निदान लांबतो. उलट आक्रमक खेळाडू समोर माणूस आहे हे पाहूनच काठी उगारते, कारण नियमभंगाबद्दल मुक्त फटका मिळण्याचा संभव असतो. एकीच्या रक्षणासाठी केलेला नियम दोघींच्या हातचे हत्यार बनतो. तपासणीनंतर काठीची जाळी सैल करून चेंडू खोल बसवणे हा लबाडीचा साधा प्रकार. येथे मात्र देहच पणाला लागतो.

याचा दोष केवळ कोवळ्या वयाच्या मुलींवर ढकलणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने अमेरिकन मुलींना शिक्षणसंस्थांच्या क्रीडांगणाचे दार उघडून दिले, ही मोठीच सामाजिक प्रगती होय. पण त्या दारातून शिष्यवृत्तीची आणि प्रवेशाची स्पर्धाही आत आली. निकालाला किंमत आली की नियमाकडे कर्तव्य म्हणून नव्हे, खर्च म्हणून पाहिले जाते. पकडले जाण्याची शक्यता किती आणि दंड किती, हा हिशेब प्रशिक्षक करतात. मुली तो शिकतात.

२०१८ साली फ्लोरिडाने शालेय मुलींना शिरस्त्राण सक्तीचे केले, तेव्हा संरक्षण वाढले की आडदांडपणाही वाढेल, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेपात तथ्य असू शकेल. पण आडदांडपणा आवरण्यासाठी मुलींची डोकी उघडी ठेवावीत, हे तर्कशास्त्र अजबच! जाणूनबुजून केलेल्या नियमभंगातून लाभच उरणार नाही इतका दंड ठेवणे आणि तो वारंवार करायला लावणाऱ्या प्रशिक्षकाला जबाबदार धरणे, हा अधिक सरळ उपाय आहे.

शिट्टीनंतर सरकलेल्या दोन पावलांची किंमत गुणफलकावर पडते. मार्गात उगारलेल्या काठीची किंमत दुसऱ्या मुलीला चुकवावी लागते. हा भेद ओळखणे म्हणजेच खिलाडूवृत्ती. तो शिकवण्याची जबाबदारी प्रथम मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रौढांची आहे.